गोड चेहऱ्याची धाकधूक

पुढची गाडी हलत नाही, मागे रुग्णवाहिका खोळंबलेली. पुण्याच्या कोंडीत अडकलेल्या कुणालाही ‘पुई पुई मोलकार’चा पहिला भाग चटकन भिडेल. इथल्या गाड्या मात्र लोकरीचे गुबगुबीत गिनीपिग आहेत!

तोमोकी मिसातो यांची ही जपानी मालिका २०२१ची. बारा भाग, प्रत्येक जेमतेम पावणेतीन मिनिटांचा. बाहुली किंचित हलवायची, फोटो घ्यायचा, पुन्हा हलवायची, असं हे चिकाटीचं काम. संवाद नाहीत, खऱ्या गिनीपिगचं चीं-चीं तेवढं ऐकू येतं. दुसऱ्या भागात बँक लुटणारे शिरोमो नावाच्या भित्र्या गाडीत घुसतात, आणि तिचे भेदरलेले गोल डोळे पाहून आपलाच जीव टांगणीला लागतो. धास्ती वाटते ती त्या निरागसपणामुळेच.

छोट्या चलत्‌चित्रांची हौस पुण्याला जुनी आहे. कोल्हापूरहून इथे आलेल्या ‘प्रभात’ फिल्म कंपनीने १९३४मध्येच ‘जंबुकाका’ हा कोल्ह्याचा अ‍ॅनिमेशन लघुपट काढला होता.