लग्नाची डीव्हीडी : आधी जशीच्या तशी, मग छोटी

सावेडीपासून पाथर्डी-शेवगावच्या वाड्यावस्त्यांपर्यंत, साधारण २००५ ते २०१५ या काळात ज्या घरी लग्न झालं, त्या घरच्या कपाटात प्लॅस्टिकची एक जाड डबी सापडतेच. वर नवरा-नवरीचा फोटो, बदामाची चौकट, खाली स्टुडिओचं नाव, मोबाइल नंबर आणि ‘अहमदनगर’. (जिल्हा २०२४ मध्ये अहिल्यानगर झाला, डब्या मात्र जुन्याच नावाच्या राहिल्या.) आत दोन-तीन डीव्हीडी : हळद, लग्न, वरात. त्याआधीची लग्नं व्हीएचएस कॅसेटवर गेली, नंतरची पेनड्राइव्हवर आली. मधल्या काळातल्या लग्नांचं शूटिंग मात्र अशा चकत्यांवर आहे, ज्या वाचणारा ड्राइव्ह आता नव्या लॅपटॉपमध्ये येतच नाही.

मग कुणीतरी विचारतं, ‘डीव्हीडी कॉम्प्रेस करायला चांगलं सॉफ्टवेअर कोणतं?’ या प्रश्नात दोन वेगळी कामं एकत्र झाली आहेत. बॅकअप म्हणजे चकतीवर जे आहे ते जसंच्या तसं उतरवून ठेवणं. कॉम्प्रेस करणं म्हणजे त्यातलं काही कायमचं टाकून फाइल छोटी करणं. पहिलं काम न करता थेट दुसरं उरकलं, की पुढे पस्तावायला होतं. म्हणून सॉफ्टवेअरही दोन निवडायची, आणि क्रम बदलायचा नाही.

घाई करायला कारण आहे. दुकानातून आणलेली सिनेमाची डीव्हीडी कारखान्यात साच्यातून छापलेली असते. स्टुडिओवाल्याने दिलेली डीव्हीडी-आर तशी नसते. तिच्यात सेंद्रिय रंगाचा पातळ थर असतो आणि लेझरने तो जागोजागी बदलून माहिती लिहिलेली असते. हा रंग ऊन आणि उष्णता यांनी हळूहळू खराब होतो. मे महिन्यात पत्र्याच्या घरातलं लोखंडी कपाट किती तापतं, हे नगरकराला सांगायला नको. वर चिकटवलेलं कागदी लेबल एका कडेने सुटलं, की चकती फिरताना डगमगते, ते वेगळंच. बाहेरून नवी कोरी दिसणारी डीव्हीडीसुद्धा सप्तपदीपाशी येऊन अडकते ती यामुळे.

जशीच्या तशी प्रत म्हणजे आयएसओ फाइल. अख्खी चकती एका फाइलमध्ये येते. मेनूसकट, त्या मेनूमागे वाजणाऱ्या सनईसकट. विंडोजवर इम्गबर्न हा जुना, फुकट प्रोग्रॅम हे काम अजून चोख करतो. त्याची शेवटची आवृत्ती २०१३ ची आहे, पण डीव्हीडीतही त्यानंतर काही बदललेलं नाही. मॅकवाल्यांना डिस्क युटिलिटी पुरते. यूएसबीला जोडायचा डीव्हीडी ड्राइव्ह दीड-दोन हजारांत मिळतो. तो लांब वायरने किंवा हबमधून न लावता थेट संगणकाला लावा, नाहीतर वीज कमी पडून तो मध्येच मान टाकतो.

प्रत झाली की फाइलचा आकार पाहून घाबरू नका. डबीवर ४.७ जीबी लिहिलेलं असतं आणि विंडोज भरलेल्या चकतीला ४.३७ जीबी दाखवतं. काही गळालेलं नसतं, फक्त मोजण्याची पद्धत वेगळी.

‘एवढ्या मोठ्या फाइली ठेवायच्या कुठे?’ हा आक्षेप २००५ मध्ये खरा होता. तेव्हा हार्ड डिस्कच मुळात ऐंशी जीबीची असायची. आज एक टीबीच्या डिस्कवर अशा दोनशेच्या वर डीव्हीडी न आवळता बसतात. घरातली लग्नं, बारशी, शाळेची स्नेहसंमेलनं, गावच्या सप्ताहातली कीर्तनं सगळी धरली तरी एवढी भरती एका कुटुंबाकडे क्वचितच निघेल.

बरेच जण याहून सोपा मार्ग धरतात. चकतीवरचं ‘व्हिडिओ टीएस’ फोल्डर उघडायचं, त्यातल्या मोठ्या व्हीओबी फाइली तेवढ्या उचलायच्या आणि बाकीच्या किरकोळ म्हणून सोडून द्यायच्या. डीव्हीडीच्या नियमानुसार एक व्हीओबी फाइल एक जीबीच्या वर जात नाही. त्यामुळे सलग चित्रण मध्येच कापलेलं मिळतं. मंगलाष्टकाचा अर्धा भाग एका तुकड्यात, उरलेला दुसऱ्यात. कोणता तुकडा कशाला जोडायचा हे त्या ‘किरकोळ’ आयएफओ फाइलींत लिहिलेलं असतं. तेव्हा फोल्डरच घ्यायचं तर अख्खं घ्या. मेनू नको, नुसतं सलग चित्रण हवं असेल तर मेकएमकेव्ही हा प्रोग्रॅम चित्राचा दर्जा जराही न बिघडवता सगळे तुकडे एका एमकेव्ही फाइलमध्ये बांधून देतो.

चकती अडकत असेल, पडद्यावर चौकोन येत असतील, तर नेहमीचे प्रोग्रॅम एकाच जागी डोकं आपटत बसतात. आधी ती मऊ सुती कापडाने पुसा. गोल गोल नाही, मधून कडेकडे सरळ. त्यानेही भागलं नाही तर लिनक्सवरचा डीडीरेस्क्यू वापरा. याला खिडक्या-बटणं नाहीत, काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप कराव्या लागतात; घरातल्या इंजिनिअरिंगच्या पोराला कामाला लावावं. हा प्रोग्रॅम आधी चांगला भाग पटापट उचलतो, खराब जागा सोडून पुढे जातो आणि कुठे काय राहिलं याचा एक नकाशा फाइलीत लिहून ठेवतो. मग उरलेल्या जागांवर पुन्हा पुन्हा येतो. मध्ये लाइट गेली तरी तोच नकाशा घेऊन काम पुढे चालू होतं.

या नकाशाचा आणखी एक उपयोग आहे, आणि तो आपल्याकडच्या लग्नांना अगदी लागू पडतो. स्टुडिओवाला मिक्सिंग झालं की एकाच मूळ फाइलवरून दोन-तीन प्रती काढायचा : एक नवऱ्याकडे, एक नवरीकडे. दोन्ही चकत्या तंतोतंत सारख्या असतील, तर नवऱ्याकडच्या चकतीत जे वाचता आलं नाही तेवढंच डीडीरेस्क्यू नवरीकडच्या चकतीतून भरून घेतो. दोन्ही चकत्या एकाच जागी खराब झाल्या असण्याची शक्यता कमीच. संगमनेरच्या घरची चकती फुटकी निघाली, तर जामखेडच्या व्याह्यांना फोन करायला हरकत नाही.

आता फाइल छोटी करण्याकडे वळू. ती कशाला हवी, तर मोबाइलवर पाहायला आणि नातेवाइकांना पाठवायला. व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून दोन जीबीपर्यंतची फाइल जाते. व्हिडिओ म्हणून पाठवली तर व्हॉट्सॲप तिला स्वतःच पिळून काढतं. या कामाला माझं मत हँडब्रेकला. फुकट आहे, विंडोज-मॅक-लिनक्स तिन्हींवर चालतं आणि आयएसओ फाइल थेट उघडतं. डीव्हीडीतला एमपेग-२ हा प्रकार नव्वदच्या दशकातला. हँडब्रेक त्याचं एच.२६४ मध्ये रूपांतर करतं, आणि तासाभराचं चित्रण बऱ्याचदा एक-दीड जीबीत बसतं. ‘आरएफ’ नावाची पट्टी १८ ते २२ च्या दरम्यान ठेवावी. आकडा जितका लहान, तितकं चित्र चांगलं आणि फाइल मोठी.

एका गोष्टीकडे मात्र नीट लक्ष द्या. आपल्याकडच्या व्हिडिओ कॅमेऱ्यांनी सेकंदाला २५ पूर्ण चित्रं घेतलेली नाहीत. ५० अर्धी चित्रं घेतली आहेत, एकदा विषम ओळींची, एकदा सम ओळींची. जुन्या टीव्हीवर ते बेमालूम दिसायचं. संगणकावर अक्षता पडतानाचं दृश्य थांबवून पाहा : प्रत्येक दाण्याला आणि वर उचललेल्या प्रत्येक हाताला कंगव्याचे दात फुटलेले दिसतील. हँडब्रेकच्या फिल्टरमध्ये ‘डीइंटरलेस’ चालू करून त्यात ‘बॉब’ हा पर्याय निवडला, की त्या अर्ध्या चित्रांची सेकंदाला ५० पूर्ण चित्रं होतात आणि वरातीतला नाच पुन्हा सफाईदार दिसतो. हे न करता फाइल आवळली तर ते दात कायमचे चिकटतात. मूळ प्रत आधी हवी ती अशा वेळेसाठी.

डीव्हीडी श्रिंकचं नाव अजूनही निघतं. एके काळी ते होतंही गुणाचं : साडेआठ जीबीची दुपदरी डीव्हीडी साडेचारच्या कोऱ्या चकतीवर बसवायचं. २००४ नंतर ते थांबलं, आणि कोऱ्या चकतीवर बसवण्याची गरजही संपली. आज ते शोधायला गेलात तर प्रोग्रॅमपेक्षा व्हायरस आधी घरात येईल.

कायद्याचं काय? लग्नाच्या बाबतीत तो तुमच्या बाजूने आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार, पैसे देऊन सांगून करवून घेतलेल्या चित्रणाचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, पैसे देणारा असतो. मागे घातलेली सिनेमाची गाणी मात्र तुमची होत नाहीत. यूट्यूबवर टाकताच ते कळतं. दुकानातल्या सिनेमांचं प्रकरण आणखी वेगळं. मोझर बेअरने २००७ च्या सुमारास ३४ रुपयांत डीव्हीडी विकून घराघरांत सिनेमे पोहोचवले. ती कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीत निघाली. सिनेमांच्या अनेक डीव्हीडींना कुलूप असतं आणि हँडब्रेक ते स्वतःहून उघडत नाही. खासगी वापराला कायद्यात थोडी मोकळीक आहे, पण हक्कभंगाच्या हेतूने कुलूप तोडणं २०१२ च्या दुरुस्तीपासून गुन्हा आहे. तसंही, सिनेमा पुन्हा कुठेतरी मिळेल. तुमच्या आजीचा नाव घेतानाचा आवाज त्या डबीशिवाय दुसरीकडे नाही.

तेव्हा सुरुवात अजून नीट चालणाऱ्या चकत्यांपासून करा; त्या अर्ध्या तासात उतरतात. अडकणाऱ्या नंतर घ्या, त्यांना अख्खी रात्र लागू शकते. प्रत झाली की सुरुवात, मध्य आणि शेवट व्हीएलसीवर चालवून पाहा. प्रती दोन हार्ड डिस्कवर घ्या : एक घरात ठेवा, दुसरी पुण्याच्या मुलाकडे किंवा लेकीच्या सासरी. आणि दोन्ही तपासून होईपर्यंत मूळ डबी भंगारवाल्याला देऊ नका.