विजेची शिदोरी

प्रवासाची शिदोरी आम्ही दशम्यांनी मोजत असू; माझा भाचा ती वॅटमध्ये मोजतो! युरोपातल्या ‘ट्रान्सकॉन्टिनेन्टल’ सायकलशर्यतीला तो प्रथमच निघाला आहे. हजारो किलोमीटरची वाट. सोबतीला ना मोटार, ना माणूस. लागेल ते स्वतः वाहायचे, नाही तर वाटेवरच्या दुकानात विकत घ्यायचे.

“अरे, पांघरूण एवढेसेच?” मी विचारले.

“मामा, ओझे पायांना कळते. काटकसर करायची नाही ती विजेत.”

पुढच्या चाकाच्या तुंब्यातला डायनॅमो सुमारे ३ वॅट वीज देतो. दिवसा ती साठवायची, रात्री दिव्याला द्यायची. चढावर वेग मंदावला, की साठवण जवळजवळ थांबते. म्हणून जोडीला १०,००० मिलीअँपिअर-तासांची बॅटरी, म्हणजे ३७ वॅट-तास.

“आधी एक अख्खी रात्र हेच सामान घेऊन घाटात काढ,” मी म्हणालो. “आणि मागचा लाल दिवा?”

“दोन घेतलेत.”

२०१३ साली ही शर्यत सुरू करणारा माइक हॉल २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या अशाच शर्यतीत पहाटे मोटारीच्या धडकेने गेला. ताईला हे मी सांगितलेले नाही. तिने विचारले तेव्हा एवढेच म्हणालो, “दिवे दोन आहेत.”