निविदा फेटाळली, कारण लेखी मागितले काय?

अकोला-अमरावतीचा आपला शिकलेला पोरगा आता नुसती नोकरीची वाट पाहत बसत नाही. एमआयडीसीत छोटा कारखाना टाकतो, दवाखान्याच्या खाटा बनवतो, सरकारी पुरवठ्याची ई-निविदा भरतो. तांत्रिक लिफाफा उघडतो आणि संगणकावर शब्द झळकतो : अपात्र. त्याच्या दराचा लिफाफा उघडलाच जात नाही!

असे तरुण आले की आम्ही पहिले विचारतो, कारण लेखी मागितले काय? बहुतेकांनी मागितलेले नसते. साहेब नाराज होतील ही भीती.

१९७९ साली रमण दयाराम शेट्टी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही साहेबशाही कलम १४ च्या चौकटीत आणली. मुंबई विमानतळावरील उपाहारगृहाची ती निविदा. अनुभवाची अट प्राधिकरणानेच घातली आणि ती न पाळणाऱ्यालाच कंत्राट दिले. स्वतः घातलेली अट सरकारलाही बांधते, असे न्या. भगवती यांनी बजावले. या निकालाचे दाखले सगळेच देतात, शेवट मात्र कमी लोक वाचतात. अर्जदार रिकाम्या हाताने परतला! एक कारण, तो पाच महिन्यांहून अधिक उशिरा कोर्टात आला होता.

पुढे दार आणखी अरुंद झाले. नागपूर मेट्रोच्या बांधकाम निविदेत अपात्र ठरलेल्यांना नागपूर खंडपीठाने दिलासा दिला. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. अटीचा अर्थ निविदा काढणाराच उत्तम जाणतो, दुष्ट हेतू किंवा उघड विपर्यास असल्याशिवाय कोर्टाने हात घालू नये, असे ठरले. म्हणजे ज्याने अट लिहिली, अर्थही त्याचाच. आम्हाला हे पटत नाही, पण कायदा आज असा आहे.

म्हणून कोट्यवधींच्या उलाढालीची अट खुपत असेल तर निविदा भरण्याआधीच हरकत घ्या; भरून हरल्यावर ती तक्रार टिकणे कठीण. केंद्राच्या २०१२ च्या धोरणात अनुसूचित जाती-जमातींच्या लघुउद्योगांकडून ४ टक्के खरेदीचे उद्दिष्ट आहे, बयाण्यातून सूटही आहे; पण ते केंद्रीय खात्यांना आणि उपक्रमांना लागू. जिल्हा परिषदेच्या टेबलावर ते आपटून उपयोग नाही.

माहिती अधिकाराच्या उत्तराला ३० दिवसांची मुदत असते. त्यावर विसंबू नका. अपात्रता दिसली त्याच दिवशी लेखी हरकत, पोच, आणि लगेच नागपूर खंडपीठ. मागे एक तरुण आमच्याकडे सहा आठवड्यांनी आला. दुसऱ्याच्या खाटांवर तोवर रुग्ण झोपले होते.