फुटली ती टाकी

३ नोव्हेंबर १९९९. अमेरिकेत हंट्सव्हिलला ‘नासा’च्या मार्शल केंद्रात एक्स-३३ या प्रायोगिक यानाच्या इंधनटाकीची चाचणी सुरू होती. टाकी धातूची नव्हती, कार्बन फायबर आणि रेझिनच्या संमिश्राची होती. आत उणे २५३ अंश सेल्सिअसचा द्रव हायड्रोजन भरला, वरून भार दिला. टाकीने सगळे सोसले. हायड्रोजन काढून घेतल्यानंतर ती तापू लागली आणि तेव्हा तिचे बाहेरचे कवच उचकटले.

असे का झाले, हे समजायला घडीची पोळी आठवा. संमिश्रही पदरापदराचे असते. त्यातला कार्बनचा धागा आपल्या केसाच्या दहाव्या हिश्श्याइतका बारीक, पण ओढून तुटता तुटत नाही. धाग्यांना धरून ठेवते ते रेझिन. गारठ्यात रेझिन खूप आकसते, धागा मात्र लांबीत जवळजवळ तसाच राहतो. या ओढाताणीत रेझिनला सूक्ष्म भेगा पडतात. एक्स-३३च्या टाकीत दोन पातळ कवचांमध्ये मधमाशीच्या पोळ्यासारखा गाभा होता. भेगांतून हायड्रोजन त्या घरांत शिरला, ऊब मिळताच त्याचा वायू होऊन फुगला आणि कवच सुटले. २००१ मध्ये हा प्रकल्पच गुंडाळला गेला.

तरीही संशोधकांनी हा नाद सोडला नाही, आणि ते योग्यच झाले. ॲल्युमिनियमची घनता पाण्याच्या २.७ पट, कार्बन संमिश्राची साधारण १.६ पट. मंगळावर माणसे पाठवायची तर त्यांचे अन्न, पाणी, परतीचे इंधन सगळे इथूनच उचलायचे. टाकीत वाचलेला प्रत्येक किलो त्यांच्या शिदोरीत जातो. शिवाय एकीकडचाच प्रवास सहा-सात महिन्यांचा. वाटेत गळती लागली तर धाव कुठे घ्यायची?

पुढे पदरच पातळ केले गेले, कारण पातळ पदरांत भेगा सहजी पडत नाहीत. बोइंगने अशी साडेपाच मीटर व्यासाची टाकी बांधली. धातूपेक्षा ३० टक्के हलकी टाकी हे उद्दिष्ट होते. २०१४ मध्ये त्याच मार्शल केंद्रात द्रव हायड्रोजन भरून तिची चाचणी झाली. २०१७ पासून मिशिगन टेकच्या पुढाकाराने काही विद्यापीठे कार्बन नॅनोट्यूबपासून याहून बळकट संमिश्र घडवण्याच्या कामाला लागली.

पण चाचणी वेगळी आणि उड्डाण वेगळे. नोव्हेंबर २०२२ मध्ये आर्टेमिस-१ ही मोहीम चंद्राकडे निघाली, तेव्हा तिच्या अग्निबाणाच्या मुख्य टप्प्यातल्या टाक्या ॲल्युमिनियमच्याच होत्या.