सार्जंट माशांच्या जातींची ओळख

सार्जंट मासे हे पोमॅसेंट्रिडी कुलातील अबूडेफडफ या प्रजातीचे मासे होत. उष्ण कटिबंधातील प्रवाळभित्ती व खडकाळ किनारे यांच्या उथळ पाण्यात ते आढळतात. फिकट अंगावरील त्यांचे गडद उभे पट्टे सैनिकाच्या बाहीवरील हुद्द्याच्या फितींसारखे दिसतात, त्यावरून हे नाव पडले. अनेक जातींचे पट्टे सारखेच असल्यामुळे पट्ट्यांबरोबर शेपटीची ठेवण आणि मासा आढळलेला समुद्र या बाबीही ओळख पटवताना पाहाव्या लागतात.

रंगाची मर्यादा

पाठीवरील पिवळी झाक ही अनेकदा ओळखीची खूण मानली जाते, परंतु ती स्थिर नसते. मादीने खडकाला चिकटवलेल्या अंड्यांची राखण नर करतो. या काळात काही जातींच्या नरांचा रंग निळसर व गडद होतो आणि पट्टे अस्पष्ट होतात. त्यामुळे एकाच जातीचे दोन मासे भिन्न जातींचे वाटू शकतात.

हिंद-प्रशांत क्षेत्रातील जाती

लक्षद्वीपसह हिंदी व प्रशांत महासागरांच्या उष्ण भागात पुढील जाती आढळतात.

- अबूडेफडफ व्हायजिएन्सिस : अंगावर पाच पट्टे, पाठीचा वरचा भाग बहुधा पिवळा. शेपटीचा पर दुभंगलेला असून त्यावर काळ्या रेघा नसतात.
- अबूडेफडफ सेक्सफॅसिएटस : शेपटीच्या दोन्ही पाळ्यांवर एकेक काळी रेघ असते, त्यामुळे शेपटी उघड्या कात्रीसारखी दिसते. लॅटिन नावाचा अर्थ ‘सहा पट्ट्यांचा’ असला, तरी अंगावर सहसा पाचच पट्टे असतात.
- अबूडेफडफ बेंगालेन्सिस : पट्टे अरुंद व संख्येने सहा ते सात. शेपटीच्या पाळ्यांची टोके गोलाकार असतात.
- अबूडेफडफ सॉर्डिडस : शेपटीच्या बुडाशी वरच्या बाजूस ठळक काळा डाग असतो. तिच्यासारख्याच दिसणाऱ्या अबूडेफडफ सेप्टेमफॅसिएटस या जातीत हा डाग नसतो.

समुद्रावरून ओळख

अटलांटिक महासागरातील अबूडेफडफ सॅक्सॅटिलिस ही जाती लिनीअस यांनी 1758 मध्ये नोंदवली. व्हायजिएन्सिसचे वर्णन क्वा व गेमार यांनी 1825 मध्ये केले. या दोन जाती इतक्या सारख्या आहेत की, हिंद-प्रशांत क्षेत्रातील मासेही दीर्घकाळ सॅक्सॅटिलिस याच नावाने ओळखले जात. अमेरिकेच्या प्रशांत किनाऱ्यावरील अबूडेफडफ ट्रोशेलाय ही जातीही सॅक्सॅटिलिसची जवळची नातलग असून या दोहोंच्या मध्ये पनामाची संयोगभूमी आहे. अशा जातींच्या बाबतीत मासा कोणत्या समुद्रात आढळला, हा ओळखीचा महत्त्वाचा आधार असतो.

भूमध्य समुद्रात हा आधार पुरत नाही. तेथे व्हायजिएन्सिस व सॅक्सॅटिलिस या दोन्ही नावांनी नोंदी झाल्या आहेत. मासा व्हायजिएन्सिस असेल, तर तो सुएझ कालव्यातून आला असण्याची शक्यता विचारात घ्यावी लागते. सॅक्सॅटिलिस असेल, तर जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीतून. नाव चुकले, तर परक्या जातीच्या आगमनाचा मार्गही चुकीचा ठरतो. म्हणून केवळ छायाचित्रावर विसंबून न राहता डीएनए तपासणीचा आधार घेतला जातो.

संकर

हवाई बेटांवर अबूडेफडफ अ‍ॅब्डॉमिनॅलिस ही स्थानिक जाती आढळते. तिचे पट्टे आखूड असून पोटाकडे विरळ होत जातात, तर व्हायजिएन्सिसचे पट्टे अधिक लांब व ठळक असतात. विसाव्या शतकाच्या अखेरीस व्हायजिएन्सिस हवाईत दिसू लागली. या जातीची पिल्ले समुद्रावर तरंगणाऱ्या वस्तूंच्या आडोशाने दूरवर जाऊ शकतात. पुढे या दोन जातींचा संकर होत असल्याचे आढळले. संकरित माशांत दोन्हींची लक्षणे मिसळलेली असल्याने त्यांची नोंद कोणत्याही एका जातीत केली, तर स्थानिक जातीत होत असलेला बदल नोंदींतून दिसत नाही.