अलगद उतरलं म्हणजे चांगलं उतरलं?

पावसाळ्यात मुंबईला विमान दणकन टेकलं की मागच्या रांगेतून शेरा येतो, ‘नवशिका दिसतोय!’ अलगद उतरलं की टाळ्या. ओल्या धावपट्टीवर हा हिशेब उलटा आहे. फार हळुवार टेकलेली चाकं पाण्याच्या थरावर सरकत राहतात, लवकर फिरू लागत नाहीत. आणि चाकं फिरल्याशिवाय, त्यांच्यावर भार आल्याशिवाय स्पॉइलर आपोआप उघडत नाहीत, ब्रेकही नीट धरत नाहीत. (स्पॉइलर म्हणजे टेकताक्षणी पंखावर उभ्या राहणाऱ्या फळ्या. पंखाजवळच्या खिडकीतून स्पष्ट दिसतात. त्या पंखाची उचल मोडून विमानाचं वजन चाकांवर टाकतात.)

14 सप्टेंबर 1993 रोजी लुफ्तान्झाचं ए-320 वॉर्सात ओल्या धावपट्टीवर, पाठीमागून वारा असताना उतरलं. दोन्ही बाजूंच्या चाकांवर पुरेसा भार यायला वेळ लागला आणि तोवर, सुमारे 9 सेकंद, स्पॉइलर नि रिव्हर्स थ्रस्ट (इंजिनांचा उलटा जोर) उघडलेच नाहीत. विमान धावपट्टीपलीकडच्या मातीच्या बांधावर आदळलं. दोघांचा जीव गेला.

विमान घसरलं की ‘टायर झिजले असणार,’ हा दुसरा लाडका निष्कर्ष. झिजलेला टायर वाईटच, पण पाणी पुरेसं साचलं असेल तर कोरा टायरही तरंगतो. कोणत्या वेगाला, ते मुख्यतः टायरमधल्या हवेच्या दाबावर ठरतं. नासाच्या संशोधनातून आलेला ठोकताळा असा: पीएसआयमधल्या दाबाचं वर्गमूळ गुणिले 9, उत्तर नॉटमध्ये. कारच्या 32 पीएसआयला हे ताशी सुमारे 94 किलोमीटर येतं. एक्स्प्रेस-वेवर पावसात स्टिअरिंग अचानक हलकं झाल्याचा अनुभव ज्यांनी घेतलाय, त्यांना वेगळं सांगायला नको. बोइंग 737 च्या साधारण 200 पीएसआयला सुमारे 235 किलोमीटर येतं, आणि हे विमान टेकतं बहुधा त्याहून जास्त वेगाने. धावपट्टीवर आडव्या खाचा पाडतात त्या पाणी निघून जावं म्हणूनच.

आता कोळिकोड. ‘टेबलटॉप धावपट्टी, त्यात पाऊस, मग होणारच!’ (टेबलटॉप म्हणजे टेकडीच्या सपाट माथ्यावरची.) 7 ऑगस्ट 2020 च्या तिथल्या विमान अपघाताबद्दल आजही हेच ऐकू येतं. त्या विमानाचे कॅप्टन दीपक साठे यांच्यामुळे महाराष्ट्रात हा हळवा विषय आहे, तरी चौकशी अहवालातले आकडे पाहावेच लागतात. धावपट्टी सुमारे 2,700 मीटरची. विमान टेकलं सुरुवातीपासून सुमारे 1,350 मीटरवर, म्हणजे निम्मी धावपट्टी हवेतच संपली होती. पाठीमागून 14 नॉटचा वारा. सहवैमानिकाने ‘गो-अराउंड’, म्हणजे न उतरता पुन्हा वर घ्या, असं म्हटलंही होतं. विमानात 190 जण होते, 21 गेले. टेबलटॉप असल्यामुळे घसरलेलं विमान दरीत कोसळलं, हे खरं. पण ते धावपट्टीबाहेर का गेलं, याचं उत्तर टेकण्याआधीच्या क्षणांत आहे. पावसाला सगळं चिकटवून मोकळं होणं सोपं, एवढंच.

राहिला गो-अराउंड. उतरता उतरता विमान पुन्हा वर झेपावलं की केबिनमध्ये देवाचा धावा सुरू होतो, खाली आल्यावर ‘पायलट घाबरला’ म्हणून किस्से रंगतात. प्रत्यक्षात ही वैमानिकांकडून पुन्हा पुन्हा घोटून घेतलेली, रोजच्या कामातलीच कृती आहे. पुढच्या जुलैत तुमच्या वाट्याला ती आली, तर घ्यायला आलेल्यांना एवढंच कळवा, अजून वीसेक मिनिटं थांबा.