म्युनिकचे एकच मैदान

शनिवारी सकाळी पोरांना सॉकरच्या प्रॅक्टिसला सोडायचे काम आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या वाट्याला येते. पोरगं लंगडत बाहेर आलं, की "काही नाही रे, जरा चोळ आणि जा परत," असे आम्हीही बिनदिक्कत सांगत आलो. मार्को व्हान बास्टनची कहाणी नीट कळल्यापासून मात्र आमची जीभ अडखळते.

मार्को हॉलंडमधल्या युट्रेख्टचा, जन्म १९६४ चा. ३ एप्रिल १९८२ रोजी, १७ व्या वर्षी, तो आयाक्सकडून पहिल्यांदा मैदानात उतरला. तोही कुणाच्या जागी? साक्षात योहान क्रायफच्या! त्याच सामन्यात त्याने गोलही केला. पुढे सलग चार हंगाम डच लीगमध्ये सर्वाधिक गोल त्याचेच.

डिसेंबर १९८६ मध्ये त्याचा उजवा घोटा दुखावला. क्रायफ तेव्हा त्याचा प्रशिक्षक होता. सराव चुकव, लीगचे काही सामने सोड, पण युरोपातले सामने खेळ, असा तोडगा निघाला. मार्को खेळला. मे १९८७ मध्ये अथेन्सच्या अंतिम सामन्यातला एकमेव गोल त्यानेच मारला. करंडक मिळाला, पण घोट्याचे दुखणे काही सुटले नाही.

त्याच वर्षी तो मिलानला गेला. पहिल्या हंगामाचा मोठा भाग शस्त्रक्रियेतच गेला. तरी १९८८ च्या युरोपियन स्पर्धेत त्याने इंग्लंडविरुद्ध हॅट्‌ट्रिक केली. २५ जूनला म्युनिकच्या ऑलिंपिक स्टेडियमवर सोव्हिएत संघाशी अंतिम सामना होता. म्यूरेनने डावीकडून उंच चेंडू टाकला आणि मार्कोने उजव्या कडेच्या अगदी अवघड कोनातून तो हवेतच मारला. गोलरक्षक दासायेव्ह बघतच राहिला! हॉलंडने पहिल्यांदाच मोठी स्पर्धा जिंकली.

युरोपातल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान त्याला १९८८, १९८९ आणि १९९२ असा तीनदा मिळाला. पण त्याच १९९२ च्या डिसेंबरात घोट्यावर पुन्हा शस्त्रक्रिया झाली. २६ मे १९९३ रोजी मार्सेविरुद्धच्या अंतिम सामन्यात तो खेळला आणि मिलान हरले. मैदान तेच, म्युनिकचे. वय अवघे २८, आणि तो त्याचा शेवटचा सामना ठरला.

पुढची दोन वर्षे उपचारांतच गेली. ऑगस्ट १९९५ मध्ये सान सिरोवर साधे जाकीट घालून त्याने प्रेक्षकांना हात हलवत निरोप घेतला, तेव्हा प्रशिक्षक कॅपेलोंना रडू आवरले नाही. रात्री बाथरूमपर्यंत रांगत जावे लागे, हे मार्कोने २०१९ च्या आत्मचरित्रात मोकळेपणाने सांगितले आहे. शेवटी सांधा कायमचा जखडून टाकला, तेव्हा कुठे वेदना थांबल्या. पुढे २००४ ते २००८ तो हॉलंडचा प्रशिक्षकही होता.

तो म्युनिकचा गोल आम्ही कितीदा पाहिला असेल! आता पाहताना नजर आधी त्या घोट्याकडे जाते. म्हणून मंडळी, पोरगं लंगडत आलं तर आधी बूट काढून पाय बघू या. मॅच काय, पुढच्या शनिवारीही असतेच.